सहा हजार भरून पावले

यवतमाळ,
दि. १२ फेब्रुवारी १९६३

तीर्थरूप पंचफुलाबाईस धाकटा भाऊ बाबाराव याचा जय भीम.

पत्र लिहिण्यास कारण की, आम्ही उभयता येथे खुशाल आहोत. तुझी खुशाली कळावी. दिवाळीच्या सुमारास श्रावणचं कार्ड आलं होतं, त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं. शाळेत कामाचा नुसता डोंगर आहे. चौथीची छप्पन पोरं एका खोलीत कोंबली आहेत आणि वर साहेब येऊन विचारतो की खिडक्या बंद का. खिडक्यांना दारंच नाहीत, हे त्याला कोणी सांगावं?

नलूची तब्येत आता बरी आहे. घर पुरं झालं. वर टिनं पडली, समोर ओसरी काढली. विहिरीचं पाणी गोड लागलं. तू एकदा येऊन पाहावं असं नलू नेहमी म्हणते.

हे पत्र तू श्रावणकडूनच वाचून घेशील, म्हणून त्याला आणि इंदूबाईला आमचा जय भीम. नवऱ्याचा पुतण्या असूनही श्रावण तुला सख्ख्या मुलासारखा सांभाळतो, हे आम्ही चार लोकांत सांगत असतो.

आता एक किरकोळ काम. दिग्रसच्या जमिनीबाबत सरकारकडून तुझ्या नावाने कदाचित एक चौकशीचं पत्र येईल. घाबरायचं कारण नाही. अशी पत्रं आजकाल सगळ्यांनाच येतात. जमिनीला काय धाड भरली आहे, ती आहे तिथेच आहे. सोबत एक कागद पाठवत आहे. खाली पेन्सिलीने फुली केली आहे, तिथे डाव्या हाताचा अंगठा उठवून कागद उलट टपाली पाठवावा. श्रावणने तो वाचायची तसदी घेऊ नये, कारण तो इंग्रजीत आहे आणि त्यात विशेष काहीच नाही.

थंडी अजून आहे. कानाला बांधत जा.

तुझा,
बाबाराव


यवतमाळ,
दि. ५ मार्च १९६३

तीर्थरूप पंचफुलाबाईस बाबारावचा जय भीम.

श्रावणचं कार्ड पोचलं. वाचून वाईट वाटलं. खरं सांगायचं तर रागही आला. "काकीला सत्तावन साली सहा हजार मिळाले असे सरकारचे पत्र सांगते, तरी खुलासा करावा." अरे, मी काय तुझं कूळ आहे की सालदार, खुलासे करायला? भावाबहिणीतली गोष्ट भावाबहिणीत राहू द्यावी.

तरी एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती, ती आता सांगतो. दिग्रसची दोन एकर मी गेल्या साली जानेवारीत विकली. शेजारच्या जिनवाल्याला सरकीच्या गोदामासाठी जागा पाहिजे होती, बावीस हजार आले. त्यातूनच हे घर झालं. तुला आधी विचारायला हवं होतं, पण तो माणूस घाई करत होता आणि फुलसावंगीला यायचं म्हणजे दिग्रस, पुसद करत दोन दिवस मोडतात. शाळेला रजा मिळत नाही.

विकल्यावर वर्षभराने ही इन्कमटॅक्सची भानगड निघाली. शेत म्हणून शेतकऱ्याला विकलं असतं तर कर नव्हता. पण गोदामासाठी द्यायची म्हणून मी ती आधीच अकृषक करून घेतली होती, भाव दुप्पट आला तो त्यामुळेच. म्हणून आता सरकार म्हणतं, विकली त्या किमतीतून घेतली ती किंमत वजा कर आणि उरलेल्या नफ्यावर कर भर. आता घेतली ती किंमत म्हणजे सत्तावनच्या खरेदीखतात लिहिली आहे ती. लिहिणारा सहा हजार म्हणून लिहून गेला. तू तिथे अंगठा दिला आहेस. कागदावर आहे ते आहे. मी कागदाबाहेरचं काही सांगत नाही, तूही सांगू नकोस.

श्रावणला एवढंच सांग की जुन्या व्यवहारात त्याने डोकं घालू नये. आणि अंगठ्याचा कागद अजून आला नाही. वकिलाने पंधरा दिवसांची मुदत घेतली आहे, तेव्हा विलंब करू नये.

नलूचा नमस्कार.

तुझा,
बाबाराव


यवतमाळ,
दि. २४ मार्च १९६३, रविवार

बाई,

आज तीर्थरूप बिर्थरूप काही लिहीत नाही. शाळेची भाषाही बाजूला ठेवतो. श्रावण म्हणते म्हणे, मास्तर तोंडानं आपला अन् पत्रात पुण्याचा. बरोबर म्हणते. जे लपवायचं असते ते मी पुण्याच्या भाषेत लिहितो.

गेल्या शुक्रवारी फुलचंद आलता. तुमच्या गावाशेजारच्या तांड्यावरचा, मिरच्या घेऊन यवतमाळच्या बाजारात येते तो. मी शाळेतून आलो तर ओसरीत बसून होता. नलूनं पाणी दिलं, चहा केला. तो घराकडे पाहत राह्यला, टिनं पाह्यली, विहीर पाह्यली, अन् मग सहज विचारलं, "पंचफुलाबाईची खोली कोणती?"

बाई, नलू आत निघून गेली. मी चपला काढत होतो, तो काढतच राह्यलो.

खोली आहे. मागच्या बाजूची, विहिरीकडे दार असलेली. तुह्यासाठीच काढली होती, हे खोटं नाही. पण गेल्या जूनपासून तिच्यात तहसीलचा एक कारकून भाड्यानं राहते, अन् फुलचंदनं विचारलं तेव्हा त्याची बायको त्याच दारात खाट टाकून कुरडया वाळत घालून राह्यली होती. "आता पाहुणे आहेत तिथं," असं मी बोललो. फुलचंदनं त्या कुरडया पाह्यल्या. त्याले सगळं समजलं असंल.

मग त्यानं फेट्यातून एक कागद काढला. वहीचं पान, रेघारेघांचं, पूर्ण कोरं. खाली कोपऱ्यात तुह्या अंगठ्याचा निळा ठसा. मी उलटून पाह्यलं, मागंही कोरं. म्हटलं हे काय? तर त्यानं तुहा निरोप सांगतला, तो मले आता पाठ झाला आहे. "तो इंग्रजी कागद श्रावणनं ठेवून घेतला. ह्याच्यावर तुले लागते ते लिहून घे. फकत काय लिहिलं ते मले कळवजो, म्हणजे कोणी विचारलं तर मी दुसरं बोलणार नाही."

मी त्याले विचारलं, श्रावणनं कागद काहून ठेवला? तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. श्रावणनं तो इंग्रजी कागद महागावच्या एका कंपाउंडरकडून वाचून घेतला. त्यात तुह्या तोंडी लिहिलं होतं की जमिनीचे सहा हजार रुपये रोख मिळाले, ते मी घरखर्चासाठी माझ्याजवळ ठेवले. वर सरकारी पत्रातही तेच विचारलेलं. मग श्रावण बोलला, सहा वर्षं आमची भाकर खाल्ली, पोरीच्या लग्नात आम्ही कर्ज काढलं, अन् ही सहा हजारांवर बसून होती. तुही खाट सरकवून भुई खणली. ज्वारीची कणगी रिकामी केली. काहीच निघालं नाही, म्हणून आणखीच चिडला. अन् एक महिन्यापासून तुही चूल बाहेर आहे, बैलांच्या कोठ्यापाशी.

फुलचंद तुले बोलला होता म्हणे, की सांगून टाक ना माय, मिळाले नाहीत म्हणून. तर तू त्याले सांगतलं की मग कागद खोटा होते, अन् कागद खोटा झाला तर बाबारावची मास्तरकी जाते.

मले रातभर झोप नाही लागली, असं लिहिणार होतो. ते खोटं होईल. मी जेवलो अन् झोपलो. सकाळी शाळेत गेलो. फळ्यावर तारीख लिहून राह्यलो होतो, अन् तिथं हात थांबला. पोरं म्हणाले, गुरुजी, सालही लिहा. मी त्याइले सुट्टी देऊन टाकली अन् सरळ इन्कमटॅक्सच्या हपिसात गेलो.

पण त्याच्या आधीचं सांगतो, कारण तू ते जाणते अन् दुसरं कोणी जाणत नाही.

सत्तावनच्या उन्हाळ्यात आपण दोघं दारव्ह्याले गेलतो, जमीन माह्या नावानं करायले. उकंडाभाऊजी वारून तेव्हा सात वर्षं झाली होती. तू म्हटलं होतं, मी आता फुलसावंगीले श्रावणकडे राहीन, हातपाय चालते तोवर निंदणखुरपण करीन. तुले नोकरी आहे पण पायाखाली जमीन नाही, जमीन नसली तर आपल्या माणसाले कोणी माणूस म्हणून धरत नाही. ही दोन एकर ठेव. पुढं घर बांधशील तर एक खोली माह्यासाठी ठेवजो. बस, इतकंच तुह्यं मागणं होतं.

आपण बक्षीसपत्र करायलेच गेलतो. कचेरीसमोर झाडाखाली बसलेल्या अर्जनविसानं डोकं फिरवलं. विधवेनं भावाले बक्षीस दिलं तर उद्या तिच्या सासरचे कोर्टात जातात, खरेदीखत करा, कोणी हात लावू शकत नाही. किंमत किती लिहू? मी बोललो, तुम्हीच लिहा. त्यानं सहा हजार लिहिले. आत साहेबानं तुले विचारलं, बाई, सहा हजार भरून पावले का? तू माह्याकडे पाह्यलं. मी मान हलवली. तू सांगतलं, "पावले."

बाहेर आल्यावर तू हसून हसून बेजार झाली. सहा हजार! इतले पैसे तर मी सपनातही नाही पाह्यले, अन् एका शब्दात मिळालेही अन् संपलेही. आपण भजे खाल्ले. त्याचे पैसेही तूच दिले.

तेव्हा ते खोटं मले खोटं वाटलं नव्हतं, कारण त्यानं कोणाचं काही जात नव्हतं. आता नोटीस आली तेव्हा किसनराव वकिलानं मले दोन्ही रस्ते समजावून सांगतले. खरं सांगायचं तर बक्षीस म्हणायचं. मग कायद्यानं, देणाऱ्याले ती जमीन कितीले पडली होती तीच किंमत धरते, नाहीतर चोपन सालच्या जानेवारीचा भाव, तोही तिथं हजाराच्या वर जात नव्हता. म्हणजे जवळजवळ सगळाच नफा अन् कर जास्त. दुसरं, खरेदीखत आहेच, सहा हजार दिले म्हणायचं. मग तितका नफा कमी. फकत बहिणीचा अंगठा पाहिजे. मी विचार करायलेही वेळ नाही मागितला. तिथंच बसून तो इंग्रजी कागद टाइप करून घेतला. इंग्रजीत करा असं मीच सांगतलं, श्रावणले वाचता येऊ नये म्हणून. वकील मराठीत करणार होता.

अन् दुसरं पत्र. बाई, ते पत्र मी तीनदा लिहिलं. श्रावण वाचणार हे माहीत होतं. म्हणून असं लिहिलं की पैसे दिले असंही नाही अन् नाही दिले असंही नाही. तुही भुई खणली हे तेव्हा माहीत नव्हतं, पण तुह्यावर बालंट येणार हे श्रावणचं कार्ड वाचल्याबरोबर कळलं होतं. कळूनही मी वर त्याच्यावरच ओरडलो. हे पत्र लिहितानाही मले लाज वाटून राह्यली, पण त्या दिवशी लिहिताना नाही वाटली, उलट बरं जमलं असं वाटलं. मास्तर ना मी.

इन्कमटॅक्सच्या साहेबाले मी सांगतलं की खरेदीखतातली किंमत दिलेली नाही, जमीन बहिणीनं बक्षीस दिली, अन् आधीचं म्हणणं मी खोटं दिलं होतं. त्यानं सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या बहिणीला ही जमीन कितीला पडली होती?"

मले माहीत नाही, बाई. मी एकतीस वर्षांचा झालो, त्या जमिनीवर शिकलो, तिच्यावर घर बांधलं, अन् तू ती कितीले घेतली हे मी तुले कधी विचारलं नाही. एवढंच आठवते की तू तेव्हा जिनात कापूस निवडायले जात होती, अन् तुह्या हातातले चांदीचे गोठ एक दिवस दिसेनासे झाले. साहेब म्हणे, जमिनीत काही सुधारणा केली का? मी सांगतलं, तिथं नुसते दगड होते, बहिणीनं तीन उन्हाळे वेचून शेताच्या कडेले धुऱ्यावर नेऊन टाकले. मजुरी कोणाले दिली? कोणालेच नाही, स्वतःच वेचले. पावती? पावती कुठून आणू? मग ते धरता येत नाही, असं तो बोलला. रागानं नाही बोलला. त्याचा कागदच तसा आहे.

कर वाढला. दंडाचं साहेब मागाहून कळवणार. किसनरावानं फाइल परत दिली, अशा माणसाचं काम मी करत नाही म्हणे. शाळेपर्यंत गोष्ट जाईल की नाही ते माहीत नाही. गेली तर जाऊ दे. तू त्याची काळजी करशील म्हणून आधीच सांगतो, करू नको. ती काळजी करूनच तू एक महिना बैलांपाशी स्वयंपाक केला.

आणखी एक आहे. छप्पन साली आपण दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले. पुढच्या सालच्या दिवाळीले तुहा निरोप आला, भाऊबीजेले येतो का? मी लिहिलं की आपण आता ते सण पाळत नाही, ओवाळणी हे जुनं खूळ आहे. तू उत्तर दिलं, बरं. त्याच्यानंतर मी एकाही साली आलो नाही, लुगडं नाही, चोळी नाही. आमच्याच शाळेतले दुसरे मास्तर, आपल्यातलेच, त्याच दिवसांत सुट्टी काढून बहिणीले भेटून येतात. ओवाळत नाहीत, जेवतात, बोलतात अन् एक लुगडं ठेवून येतात. धम्मानं मले बहीण सोडायले सांगतलं नव्हतं. मले जमीन मिळाली होती, आता तिथं जाऊन काय करायचं, हे खरं कारण होतं. एवढ्या मोठ्या गोष्टीच्या आड मी माहा कंजूसपणा लपवला, याची मले सगळ्यात जास्त लाज वाटते. जमिनीहूनही जास्त.

तुहा कोरा कागद ह्याच पाकिटात परत पाठवतो. त्याच्यावर मी काही लिहिलं नाही. तो तुह्या हातानं चुलीत टाकजो. अन् पुन्हा कोणाले, माह्यासारख्या सख्ख्या भावालेही, कोऱ्यावर अंगठा देऊ नको.

कारकुनाले खोली सोडायले सांगतली, तो महिनाअखेर जाते. पाच एप्रिलले, शुक्रवारी, मी फुलसावंगीले येतो. तू माह्यासोबत यावं असं मले वाटते, पण तू नाही म्हटलं तर मले तक्रार करायचा अधिकार नाही. नाही आली तरी खोली कोणाले देणार नाही. विकलेली जमीन काही मले परत आणता येत नाही. जिनवाल्यानं तिथं भिंत घातली, तू धुऱ्यावर टाकलेले दगडच त्याइनं पायव्यात भरले. मी उभं राहून पाह्यलं.

श्रावण, आता तुह्याशी बोलतो. हे पत्र तूच वाचून राह्यला, म्हणून एवढं मोकळं लिहिलं. दुसऱ्याच्या हाती दिलं असतं तर तुह्यापर्यंत अर्धंच पोचलं असतं, अन् तू इथवर काही गाळलं नसंल असं धरतो. मागच्या पत्रात तुह्यावर ओरडलो, ती माही चूक. तुले राग आला, त्यात तुह्यं चुकलं नाही. तुह्यासमोर कागद होता अन् कागद माहा होता. पण आता इंदूबाईले बोलाव, शेजारच्यांइले बोलाव, ज्याच्या ज्याच्याजवळ तू काकीबद्दल बोलला त्या सगळ्यांइले अंगणात बसव, अन् त्याइच्यासमोर पुढची ओळ वाच.

पंचफुलाबाईले जमिनीचा एक पैसाही मिळाला नाही, तिनं ती भावाले फुकट दिली, अन् भावानं मिळाले असं खोटं लिहिलं.

ही ओळ आणखी एकदा वाच, मोठ्यानं. जिनातल्या आवाजानं तिचा डावा कान गेला आहे, तिच्या उजव्या बाजूले बसून वाच.

जमीन बक्षीस घेतलेला,
बाबाराव